तिसरीचं पोर वाचत नाही, तर जबाबदार कोण?

शिरपूर तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर नुकतेच शिक्षण सेवक म्हणून रुजू झालेल्या एका तरुण सरांनी विचारलं आहे: डी.एल.एड.ला, म्हणजे शिक्षक होण्याच्या पदविकेला, असताना ‘अभ्यासक्रमाच्या अंमलबजावणीतील घटक’ हा प्रश्न हमखास यायचा. शासन, मुख्याध्यापक, शिक्षक, पालक, समाज अशी यादी लिहिली की गुण मिळायचे. आता शाळेत उभं राहिल्यावर यातलं कोण नेमकं काय करतं तेच कळत नाही. शाळा पाचवीपर्यंत, शिक्षक दोन. माझ्या तिसरीत काही मुलांना जोडाक्षरं सोडा, साधा शब्दही वाचता येत नाही. याला जबाबदार कोण, आणि मी कुणाकडे काय मागायचं?

सर, यादी चुकीची नाही, पण ती खुर्च्यांची यादी आहे. खुर्चीवरच्या माणसाच्या हातात काय असतं आणि त्यातलं तुमच्या वर्गापर्यंत काय पोचतं, हे त्या यादीत येत नाही. माझी सगळी नोकरी धुळे जिल्ह्यात गेली: आधी शिक्षिका, मग केंद्रप्रमुख, म्हणजे जवळच्या दहा-पंधरा शाळांची प्रमुख, शेवटी तालुक्याची विस्तार अधिकारी. मी या सगळ्यांना एकच कसोटी लावत आले. उद्या सकाळी साडेअकराच्या तासाला या माणसामुळे काय बदलणार आहे? काही बदलत असेल तर तो अंमलबजावणीतला माणूस. नसेल तर पत्राच्या शेवटी ‘प्रत माहितीस्तव सादर’ असते ना, त्यातला.

वरच्या टोकापासून सुरुवात करू, पण तिथे फार रेंगाळायला नको. देशाचा आराखडा दिल्लीत ठरतो. 2005 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यावरून 2010 चा आपल्या राज्याचा. पुढे 2020 चं धोरण आलं, मग 2022 चा पायाभूत स्तराचा आणि 2023 चा शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा, आणि त्यांच्या मागोमाग 2024 मध्ये राज्याचे आराखडे. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातलं आपलं शैक्षणिक प्राधिकरण. कोणत्या इयत्तेत काय यायला हवं, म्हणजे अध्ययन निष्पत्ती, ती तिथून येते. पुस्तकं करते बालभारती, 27 जानेवारी 1967 ला स्थापन झालेलं पाठ्यपुस्तक मंडळ. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर विषय समितीची आणि अभ्यासगटाची नावं असतात, ती एकदा वाचा. त्यात प्राध्यापक असतात तसे तुमच्यामाझ्यासारखे शाळेतले शिक्षकही असतात. खान्देशातले किती, आणि त्यातही पाड्यावर शिकवलेले किती, हे तुम्हीच मोजा.

वरचे लोक फक्त तज्ज्ञ असतात असंही समजू नका. तिसऱ्या भाषेचं प्रकरण ताजं आहे. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आली. 16 जूनला शाळा उघडल्या, 17 जूनला सुधारित निर्णय निघाला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेत असल्याचं जाहीर होऊन विषय डॉ. नरेंद्र जाधव यांच्या समितीकडे गेला. त्या पंधरा दिवसांत पहिलीच्या वेळापत्रकावर मंत्रिमंडळ, विरोधी पक्ष, साहित्यिक आणि पालक असे सगळेच बोलत होते. पहिलीच्या बाई तेवढ्या गप्प होत्या, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. माझं मत विचाराल तर अभ्यासक्रम हा लोकांचाही विषय आहे, त्यावर वाद व्हायलाच हवेत. पण ते शाळेची घंटा होण्याआधी व्हावेत.

कोऱ्या पानांचंही तसंच. 2023-24 पासून पुस्तकांचे चार भाग झाले आणि पाठांनंतर नोंदींसाठी कोरी पानं आली. दप्तराचं ओझं कमी व्हावं, वह्यांचा खर्च वाचावा हा हेतू वाईट नव्हता. मी पाहिलेल्या वर्गांत काही ठिकाणी त्या पानांवर सुंदर नोंदी होत्या, काही ठिकाणी गुरुजींनी वह्याही ठेवल्या आणि पानंही, आणि बऱ्याच ठिकाणी पानं वर्षअखेरपर्यंत कोरी. 2025-26 पासून ती बंद झाली. सुरू करणारे वरचे, बंद करणारेही वरचे. मधली दोन वर्षं त्या पानांचं काय करायचं हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. अंमलबजावणी म्हणतात ती हीच. वरून आलेल्या गोष्टीचं खाली जे काही केलं जातं, तोच मुलांच्या वाट्याला आलेला अभ्यासक्रम.

आता जिल्हा परिषद. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक ही साखळी तुम्हाला तोंडपाठ असेल. कागदावर हे सगळे शैक्षणिक पर्यवेक्षण करतात. प्रत्यक्षात गटशिक्षणाधिकाऱ्यांचा दिवस बदल्या, समायोजन, वर्गखोल्यांचे प्रस्ताव, पोषण आहाराच्या तक्रारी आणि व्हीसी, म्हणजे ऑनलाइन बैठका, यांतच सरतो. एका अधिकाऱ्याकडे दोन-दोन पदांचा पदभार असणं ही आपल्याकडे बातमी राहिलेली नाही. त्यांच्याकडून तुमच्यापर्यंत पोचते ती मुख्यतः मागणी: ही माहिती आजच, ती लिंक दुपारी दोनपर्यंत, यू-डायसमधली, म्हणजे शाळांच्या ऑनलाइन माहिती नोंदणीतली, ती त्रुटी अर्ध्या तासात. तरी त्यांच्या हातात एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे शिक्षक. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हे प्रमाण शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आहे. त्या दोघांपैकी एक जण बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला गेला की पाच वर्ग एकाच्या गळ्यात. त्याच कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांपलीकडची अशैक्षणिक कामं शिक्षकाला लावता येत नाहीत. पण बीएलओचं काम निवडणुकीच्याच दारातून आत येतं, त्यामुळे कायदा तिथे तुमच्या मदतीला येत नाही. म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मागायचं ते मार्गदर्शन नव्हे, माणूस. रिक्त जागेचा प्रस्ताव, दीर्घ रजेच्या काळात पर्यायी व्यवस्था, एकाच दिवशी दोघांनाही बैठकीला न बोलावणं. हे लेखी मागा, मुख्याध्यापकांमार्फत मागा आणि पोच घ्या.

प्रशिक्षणाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण अभ्यासक्रम सगळ्यात जास्त तिथे गळतो. राज्यावर साधन व्यक्ती, म्हणजे इतरांना शिकवणारे प्रशिक्षक, तयार होतात, त्या जिल्ह्यातल्यांना शिकवतात, जिल्ह्यातले तालुक्यात, आणि तालुक्यातले तुम्हाला. डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, 1986 च्या शैक्षणिक धोरणातून आल्या. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आहेत. ही साखळी चालवणं हे त्यांच्याकडे आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्रांकडे. पुण्यात जे तास घेऊन, वर्गात करून दाखवून शिकवलेलं असतं ते शिरपूरला येईपर्यंत पीपीटीच्या स्लाइडा उरतं. कुणी मुद्दाम करत नाही हे. प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात, पुस्तिका उशिरा येतात, आणि सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारा, म्हणून आलेला शिक्षक स्वतःच परवा ऐकून आलेला असतो. गटसाधन केंद्रातले विषय साधन व्यक्ती बहुतेक कंत्राटी. त्यातले काही जण इतके तळमळीचे असतात की त्यांनी एक तास घेतला तरी पुढचे दोन महिने वर्गात फरक दिसतो. पण त्यांचाही निम्मा वेळ तक्ते भरण्यात जातो. डाएटच्या अधिव्याख्यात्यांना मात्र एक आग्रहाची विनंती जरूर करा: ‘मॅडम, भेटीला याल तेव्हा शेरा लिहू नका, माझ्या वर्गावर एक तास घ्या.’ हे म्हणायला नवा माणूस बिचकतो. मी अधिकारी असताना मला असं फार थोड्यांनी म्हटलं, आणि ज्यांनी म्हटलं त्यांच्या शाळेत मी पुन्हा पुन्हा गेले.

केंद्र ही मात्र या साखळीतली सगळ्यात कामाची कडी. दहा-पंधरा शाळा, ओळखीची माणसं, एकाच पट्ट्यातली मुलं. दर महिन्याची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, नीट झाली तर तिच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही, आणि वाईट झाली तर तिच्याइतका वेळेचा अपव्ययही दुसरा नाही. वाईट म्हणजे कशी? स्वागत, प्रास्ताविक, पत्रांचं वाचन, प्रलंबित माहितीची आठवण, चहा, फोटो. नीट म्हणजे कशी, ते एका उदाहरणावरून सांगते.

आमच्या केंद्रात एका शिक्षिकेने तिसरीतल्या मुलांच्या वह्या आणल्या होत्या. हातच्याची वजाबाकी: 42 वजा 17. बऱ्याच मुलांनी उत्तर लिहिलं होतं 35. तिने विचारलं, ‘हे 35 आलं कुठून?’ पहिल्यांदा सगळे म्हणाले, सराव कमी पडला, पाढे पाठ नाहीत. मग एका जुन्या गुरुजींनी वही हातात घेतली आणि म्हणाले, ‘अहो, पोरगं 2 मधून 7 जात नाहीत म्हणून 7 मधून 2 काढतंय. 4 मधून 1 काढला की 3. म्हणजे 35. यात सरावाचा काय संबंध? चुकीचाच सराव पक्का झालाय.’ तिथून चर्चेला तोंड फुटलं. मुलाला लहानातून मोठी संख्या वजा होत नाही एवढंच कळलंय. दशक सोडून सुटे करता येतात हे त्याने हाताने कधी केलेलंच नाही. मग कपाशीच्या काड्या आल्या. दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या, आणि त्यातून सतरा द्यायला सांगितल्या. जुडी सोडल्याशिवाय सात सुट्या देताच येत नाहीत हे आम्हालाच हातांनी करून पाहताना मजेशीर वाटलं. शेवटी तीन जुड्यांतली एक दिली, उरल्या दोन जुड्या आणि पाच काड्या. पुढच्या परिषदेला चार शाळांतून वह्या आल्या, त्यात 35 कमी झाले होते. गेले नव्हते, कमी झाले होते.

वजाबाकी पुस्तकात होतीच, निष्पत्तीही कागदावर होती. साडेअकराच्या तासाला फरक पाडला तो एकीने आणलेल्या वह्यांनी आणि दुसऱ्याने त्या नीट वाचण्याने. केंद्रप्रमुखाचं काम एवढंच की परिषदेत पत्रवाचनाला वीस मिनिटं आणि वह्यांना दोन तास द्यायचे. हे करणारे केंद्रप्रमुख आजही आहेत. पण मंजूर पदांपैकी कितीतरी रिकामी आणि भरलेल्यांवर दुहेरी पदभार, अशा स्थितीत तेही किती ओढतील?

मुख्याध्यापकांबद्दल थोडक्यात. तुमच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणजे दुसरे शिक्षक, प्रभारी. पोषण आहाराचा साठा, समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या अनुदानाची उपयोगिता प्रमाणपत्रं, बँक, ग्रामपंचायत हे त्यांच्या डोक्यावर. त्यांच्याशी भांडायचं नाही, वाटणी करायची. पहिली-दुसरी कोण, तिसरी ते पाचवी कोण, सकाळचा पहिला दीड तास भाषेचा आणि त्या वेळात फोन कुणीही उचलायचा नाही, एवढं ठरलं तरी खूप झालं.

आणि शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 24 काढून बघा. त्यात तुमची कर्तव्यं आहेत. एक: ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणं. त्याच्या लगेच खाली: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेनुसार जादा अध्यापन करणं. दोन्ही एकाच माणसावर, आणि पहिली ते पाचवीला वर्षाला दोनशे दिवस आणि आठशे तास. ज्या पोराला शब्द वाचता येत नाही त्याच्यासमोर तिसरीचा बारावा धडा उघडायचा, की त्याला घेऊन अक्षरांपर्यंत मागे यायचं? पाठ टाचण, म्हणजे शिक्षकाची तासाची लेखी तयारी, तपासणारा पहिलं बघतो, पोराला गरज असते दुसऱ्याची. तपासणीच्या भीतीने धडा उरकणारे शिक्षक मी वर्षानुवर्षं पाहिले, आणि त्यांना मी दोष देत नाही, कारण तपासणाऱ्याच्या वहीत ‘पाठ्यक्रम किती पूर्ण’ असाच रकाना असतो. निपुण भारत अभियानाने, 2021 पासून, निदान एक सोय केली: पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान हे अधिकृत उद्दिष्ट झालं. त्यामुळे तुम्ही तिसरीत अक्षरांवर काम करत असाल तर तो मागे राहिलेला अभ्यासक्रम नव्हे, तोच अभ्यासक्रम आहे, असं कुणालाही ताठ मानेने सांगता येतं.

मोजणारे हा एक वेगळा गट आहे, तो कोणत्याच गाईडमध्ये नसतो. 2023-24 पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या, भाषा, गणित आणि इंग्रजीच्या. प्रश्नपत्रिका वरून येतात, गुण ऑनलाइन भरायचे. मला त्या चाचण्या नकोशा नाहीत. प्रश्न बरेच चांगले असतात, आकलनाचे असतात. माझी तक्रार एवढीच की गुण वर जातात आणि तिथेच राहतात. कोणत्या प्रश्नाला अख्ख्या केंद्रातली मुलं अडली हे केंद्राच्या परिषदेत टेबलावर यायला हवं. तोवर ती चाचणी वजन करण्याच्या पुढे जात नाही.

माध्यमिकला तर मोजणाराच मालक. नाशिक विभागीय मंडळाखाली आपले तिन्ही जिल्हे येतात. दहावीचं 2019 साल आठवा. अभ्यासक्रम नवा, प्रश्नपत्रिकेचं रूप नवं, आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे वीस गुण काढून टाकलेले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. ओरड झाली, त्याच वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. पोरं एका वर्षात ढ आणि पुढच्या वर्षी हुशार झाली असं कुणी म्हणणार नाही. गुण कसे द्यायचे हे ठरवणाऱ्याने अभ्यासक्रम ठरवणाऱ्यापेक्षा जास्त बदल घडवला. त्या गुणांच्या भोवती मग अपेक्षित प्रश्नसंच छापणारे, क्लासवाले, सेमी-इंग्रजीचा हट्ट धरणारे पालक आणि पटसंख्येसाठी तो पुरवणारे संस्थाचालक उभे राहतात. जळगाव-धुळ्यात आठवी ते दहावीच्या कितीतरी मुलांचा खरा अभ्यासक्रम संध्याकाळी सहानंतर क्लासमध्ये चालतो. यादीत त्यांचं नाव नाही म्हणून ते नाहीत असं होत नाही.

तुमच्या पाड्यावर क्लासवाले नाहीत. तिथे दुसरी माणसं आहेत, आणि तिसरीच्या त्या पोराचं उत्तर बरंचसं त्यांच्याकडे आहे.

पहिली अंगणवाडी ताई. नव्या रचनेत वयाची तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर, म्हणजे अंगणवाडी आणि तुमची पहिली-दुसरी हा एकच प्रवास. पण ताईंचं खातं महिला व बालविकास, तुमचं शालेय शिक्षण. त्यांचे प्रशिक्षण वेगळे, रजिस्टरं वेगळी, साहेब वेगळे. अंगणवाडी शाळेच्या आवारात असूनही आत काय चालतं हे पहिलीच्या शिक्षकाला ठाऊक नाही, असं मी किती ठिकाणी पाहिलं! तुमच्या पाड्यावरच्या ताई बहुधा पावरी ही इथली आदिवासी बोली बोलणाऱ्या असतील, तुम्ही नसाल. मुलाच्या घरची भाषा आणि पुस्तकातली मराठी यांच्यामध्ये उभं राहू शकेल असं शाळेच्या सगळ्यात जवळचं माणूस तेच. कायदाही कलम 29 मध्ये म्हणतो की शिक्षणाचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावी. पावरीची, मावचीची, भिलोरीची पुस्तकं हातात येवोत न येवोत, ताईंसोबत रोज अर्धा तास गोष्टीचा ठेवायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

अहिराणी भागातला एक तास सांगते. दुसरीचा वर्ग, चित्रवाचन चाललेलं. चित्रात शेत आणि बाई. शिक्षक विचारत होते, कुणी काही बोलेना. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, ‘तुन्ही माय आज कोठे गई?’ एक पोर फाडकन म्हणाला, ‘मन्ही माय वावरमा गई, कापूस येचाले.’ सरांनी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि त्यालाच वाचायला लावलं. आपलंच बोलणं, आपणच वाचायचं. तो बोट ठेवून सरळ वाचत गेला. ज्याला काल ‘शेत’ वाचता येत नव्हतं त्याने ‘वावरमा’ वाचलं. मग खाली पुस्तकी ओळ आली, ‘माझी आई शेतात कापूस वेचायला गेली’, आणि पोरांनी दोन्हींतले सारखे शब्द शोधले. चांगला चालला होता वर्ग. पुढे एक भेट अधिकारी आले, त्यांनी फळा पाहिला आणि शेरा लिहिला: ‘फळ्यावर अशुद्ध लेखन आढळले.’ दुसऱ्या दिवसापासून सर पुस्तकावर. कसोटी लावली तर त्या अधिकाऱ्यामुळेही तास बदललाच की. अंमलबजावणीतला घटक असणं ही नेहमी चांगलीच बातमी असते असं नाही.

दुसरी माणसं म्हणजे आया. बाप शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला येतो, सही करतो. पोराला रात्री जवळ घेऊन बसते आई. समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात हे कायदा सांगतो. सह्यांच्या वहीत त्या असतातही. पण बैठकीचे विषय बहुतेक रंगरंगोटी, शौचालय, पाण्याची टाकी. ‘माझ्या पोराला वाचता का येत नाही?’ हा विषय पत्रिकेवर येतच नाही. 2022 पासून शाळापूर्व तयारी अभियानात माता-पालकांचे गट झाले, ती कल्पना मला फार आवडली, कारण त्यात आईला सही मागितली नाही, काम दिलं. निवडलेल्या डाळीत अक्षर गिरवणं, भाकऱ्या मोजणं, गोष्ट सांगणं. निरक्षर आईला हे सगळं येतं. मेळाव्यापुरता गट करून फोटो टाकून संपवू नका, एवढंच सांगते.

तिसरा तर माणूसच नाही, हंगाम आहे. दिवाळीनंतर कापूस फुटला की मोठी पोरं वेचणीला आणि लहानी त्यांच्या मागे. सातपुड्यातून, साक्री-नवापूरकडून, चाळीसगावच्या तांड्यांवरून कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे, पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. तुमचा तिसरीतला न वाचणारा पोरगा पहिलीत आणि दुसरीत नोव्हेंबर ते मार्च कुठे होता, हे हजेरीपत्रक उघडून बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. त्याच्यासाठी गावातच मागे राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृह, आणि दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड ही व्यवस्था कागदावर आहे. वसतिगृहाचा प्रस्ताव कुटुंबं निघण्याआधी जायला हवा. तो मंजूर होऊन येतो तोवर गाड्या निघालेल्या असतात, हे आपल्याकडचं भिजत घोंगडं. आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात नाही: कलम 9 मध्ये स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांत शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणंही आहे. कापसाच्या पट्ट्यात वेचणीच्या महिन्यांत शाळा सकाळी लवकर भरवायची का, सुट्या इकडच्या तिकडे करायच्या का, यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत खडाजंगी व्हायला हवी. मी ती कधी ऐकली नाही. शिक्षक संघटनांनी हा विषय लावून धरला असता तर पेन्शन-बदल्यांइतकीच ताकद दिसली असती.

तुमच्या आसपास आश्रमशाळा असतील, तिथली गोष्ट थोडी निराळी. पुस्तकं आणि अभ्यासक्रम तेच, पण शाळा आदिवासी विकास विभागाची आणि वरचे साहेब म्हणजे तळोदा, नंदुरबार, धुळे, यावल इथले प्रकल्प अधिकारी. तिथल्या शिक्षकांना आपल्या केंद्राच्या परिषदेचं आमंत्रण पोचत नाही. तुमच्या पाड्यावरची पाचवी झालेली पोरं जाणार त्यांच्याकडेच. एकदा स्वतः जाऊन भेटून या, पत्राची वाट पाहू नका.

आता तुमचा थेट प्रश्न. तिसरीचं पोर वाचत नाही याला जबाबदार कोण? कायद्याने विचाराल तर कलम 24 मुळे तुम्ही, आणि ते टाळू नका, कारण उद्या त्याच्यासमोर उभे राहणार आहात ते तुम्हीच. पण एकटे तुम्ही नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी माणूस द्यायचा आहे, मुख्याध्यापकांनी वेळ, डाएटने वर्गावर येऊन तास, अंगणवाडी ताईंनी भाषा, आईने रात्रीची पंधरा मिनिटं, आणि हंगामी वसतिगृह देणाऱ्याने ते वेळेत. यातलं जे मिळालं नाही ते कुणी दिलं नाही, हे तारखेसह लिहून ठेवा. तक्रारीसाठी नव्हे. वर जाणाऱ्या माहितीत रकाने असतात हजेरीचे, आहाराचे, गणवेशाचे. वर्गात काय अडलं याला रकाना नाही. तो तुमच्या वहीत तरी असू द्या, कारण उद्या बालभारतीच्या अभ्यासगटात किंवा पुण्याच्या परिषदेच्या एखाद्या कार्यशाळेत तुम्हाला बोलावलं तर तिथे न्यायला तेवढंच असतं.

केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेला जाताना दोन वह्या पिशवीत टाका, वाचणाऱ्या पोराची एक आणि न वाचणाऱ्याची एक. भाषण करू नका. पत्रवाचन झालं की वह्या टेबलावर ठेवा आणि विचारा, ‘तुमच्याकडे हे असंच होतं का?’ कुणीतरी एक जुने गुरुजी वही ओढून घेतीलच. परिषद रद्द झाल्याचा मेसेज आला, तर त्याच दिवशी शाळा सुटल्यावर शेजारच्या पाड्यावरच्या शाळेत त्या वह्या घेऊन जा.